पितळेवर कोरलेलं, काचेत उरलेलं

जुन्या पितळी लेन्सच्या नळीवर सुबक वळणाची अक्षरं कोरलेली असतात. बनवणाऱ्याचं नाव, त्याचं गाव आणि एक क्रमांक. 'फोग्टलेंडर आणि पुत्र, व्हिएन्ना' अशी जर्मन अक्षरं असलेली लेन्स संग्राहकांच्या जगात फार मानाची समजतात. तिच्या पोटात चार काचा असतात. त्या काचांची वक्रता किती, जाडी किती, दोन जोड्यांमध्ये अंतर किती सोडायचं, हे सगळं ज्याने कागदावर गणित करून ठरवलं, त्याचं नाव मात्र नळीवर कुठेच सापडत नाही. ते नाव योसेफ पेत्सवाल. व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक.

पितळी लेन्सची ओळख पटवणं आणि तिचा काळ ठरवणं म्हणजे एका अर्थी साक्षी तपासणंच. साक्षीदार तीन. अक्षरं, पितळ आणि काच. अक्षरं धंद्याची हकीकत सांगतात: कोण मालक होता, दुकान कुठे होतं, वारसा कुणाकडे गेला. पितळ कारागिरीची आणि नंतरच्या डागडुजीची हकीकत सांगतं. काच मात्र ज्याने ती रचना मनात आणली त्याची साक्ष देते. या तिघांची जबानी जुळते तेव्हाच लेन्सचं वय नक्की होतं. आणि ती का जुळत नाही हे शोधत गेलं की साठ-सत्तर वर्षांचा भांडणांचा, वाटण्यांचा आणि विस्मृतीचा इतिहास उलगडत जातो.

या इतिहासाची सुरुवात पॅरिसमध्ये होते. ७ जानेवारी १८३९ रोजी फ्रान्स्वा आरागो यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे लुई दागेर यांच्या शोधाची घोषणा केली आणि १९ ऑगस्टला त्याची कृती सगळ्यांसमोर ठेवली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाने चित्र उमटतं, हे त्या दिवशी जगाला कळलं. आल्फोन्स जिरू यांनी विकायला काढलेल्या दागेरच्या अधिकृत कॅमेऱ्याला लेन्स होती चार्ल्स शेव्हालिए यांची. शेव्हालिए घराणं पॅरिसमध्ये सूक्ष्मदर्शक आणि दुर्बिणी बनवण्यात नावाजलेलं. दागेरच्याही आधी या प्रयोगांत गुंतलेले निएप्स आणि दागेर यांची गाठ घालून देण्यातही याच चार्ल्सचा हात होता.

ही लेन्स म्हणजे इंग्लंडच्या विल्यम वोलस्टन यांनी १८१२ मध्ये सुचवलेल्या चंद्रकोरीसारख्या भिंगाची सुधारलेली आवृत्ती. एकच कोर न वापरता क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा चिकटवून रंगदोष आटोक्यात आणलेला. पण चित्राच्या कडा स्वच्छ याव्यात म्हणून भिंगापुढे लहान छिद्राची चकती बसवावी लागे. आजच्या भाषेत तिचं अ‍ॅपर्चर एफ/१५ च्या आसपास भरतं. इतक्या बारीक वाटेने येणाऱ्या उजेडात पत्र्यावर चित्र उमटायला भर उन्हातही मिनिटांमागून मिनिटं जात. इमारत, पुतळा, पुलाची कमान हे सगळं त्यात उत्तम टिपलं जाई. जिवंत माणूस मात्र त्या वेळात हलल्याशिवाय राहत नसे. दागेरच्या प्रक्रियेने साऱ्या जगाला आपला चेहरा टिपून घेण्याची आस लावली, आणि लेन्सने तीच अडवून धरली.

त्या उन्हाळ्यात व्हिएन्नाचे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउजेन पॅरिसमध्ये होते. दागेरचं काम त्यांनी पाहिलं, त्यातली उणीव ओळखली आणि घरी परतल्यावर आपल्या विद्यापीठातल्या एका सहकाऱ्याला तो प्रश्न घातला. सहकारी होते पेत्सवाल. ६ जानेवारी १८०७ रोजी आजच्या स्लोव्हाकियातल्या स्पिश्का बेला या गावी जन्मलेले, पेस्टमध्ये शिकलेले, १८३७ पासून व्हिएन्नात गणित शिकवणारे. प्रकाशशास्त्रात तोवर त्यांचं नाव नव्हतं. लेन्स बनवणं हा तेव्हा अनुभवाचा आणि हाताच्या सवयीचा धंदा होता. कारागीर काच घासायचा, पाहायचा, पुन्हा घासायचा. पेत्सवाल यांनी ही वाट सोडली. काच हातात घेण्याआधी प्रत्येक पृष्ठभागावर किरण कसा वळेल हे आकड्यांनी मांडायचं त्यांनी ठरवलं.

आकडेमोड प्रचंड होती. ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचे प्रमुख आर्चड्यूक लुडविग यांनी त्यांना तोफखान्यातली हिशेबात तरबेज अशी काही माणसं मदतीला दिली. तोफगोळ्याचा मार्ग मोजणाऱ्या हातांनी काही महिने प्रकाशकिरणांचा मार्ग मोजला. १८४० मध्ये रचना तयार झाली: पुढे दोन काचांची चिकटवलेली जोडी, मागे दोन काचांची, पण मध्ये हवेची फट ठेवलेली जोडी. अ‍ॅपर्चर एफ/३.६ च्या आसपास. शेव्हालिएच्या लेन्सपेक्षा पंधरापटीहून जास्त उजेड आत. काही मिनिटांचा खोळंबा सेकंदांवर आला. त्यात पत्र्याची संवेदनशीलता वाढवणारी नवी रसायनंही त्याच सुमारास आली आणि माणसाचा फोटो काढणं हा व्यवसाय होऊ शकला.

काचा घासल्या पीटर विल्हेल्म फ्रीडरिख फोग्टलेंडर यांच्या कारखान्यात. १७५६ पासून व्हिएन्नात चालत आलेलं हे घराणं. १८४१ च्या सुरुवातीला त्यांनी संपूर्ण धातूचा, पितळी दुर्बिणीसारखा दिसणारा एक कॅमेरा बाजारात आणला. त्यातून सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाचं गोल चित्र मिळे. पेत्सवाल यांना या कामाचे एकरकमी २,००० गुल्डन मिळाले. पक्का करार झालाच नव्हता. पुढे हजारो लेन्स विकल्या गेल्या, त्यातला हिस्सा त्यांना मिळाला नाही.

इथे जरा थांबून एखादी पितळी लेन्स हातात धरून पाहावी. तिच्यावर एक अक्षरही नाही असं समजा. अशा निनावी लेन्स मुबलक सापडतात. मग ती पेत्सवाल यांच्या रचनेची आहे की नाही हे कसं कळणार? अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती किंवा लहान टॉर्च घ्यावा आणि लेन्स किंचित तिरकी धरून तिच्या पुढच्या काचेत डोकवावं. हवेला लागून असलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग त्या ज्योतीचं एक ठळक प्रतिबिंब दाखवतो. दोन काचा जिथे कॅनडा बाल्समने चिकटवलेल्या असतात, तिथलं प्रतिबिंब मात्र फिकट, मुद्दाम शोधावं लागेल असं असतं. लेन्स हलवली की काही प्रतिबिंबं हाताबरोबर सरकतात, काही उलट दिशेला. हीच मोजायची.

पेत्सवाल रचनेच्या पुढच्या जोडीत दोन ठळक आणि एक फिकट प्रतिबिंब दिसतं. मागची जोडी वेगळी काढून पाहिली तर चार ठळक दिसतात, कारण तिथे काचा चिकटवलेल्या नाहीत. शेव्हालिए धाटणीच्या निसर्गदृश्याच्या लेन्समध्ये एकाच जोडीची दोन ठळक आणि एक फिकट एवढंच. ही मोजणी एकदा जमली की नळीवर काय लिहिलं आहे आणि विक्रेता काय सांगतो आहे, यावर विसंबावं लागत नाही. ज्याचं नाव पितळेवर कुणी कोरलं नाही, त्याची सही काचेत अशी वाचता येते.

मागच्या जोडीबाबत एक सावधगिरी हवी. तिथल्या दोन काचा सुट्या असल्याने गेल्या दीडशे वर्षांत कुणी ना कुणी त्या पुसायला काढलेल्या असतात, आणि परत बसवताना क्रम उलटा झालेला किंवा एखादी काच पालथी पडलेली असते. अशी लेन्स चित्र धूसर देते आणि 'जुन्या लेन्स अशाच असायच्या' असा समज पसरतो. नीट बसवलेली पेत्सवाल लेन्स मध्यभागी डोळ्याच्या पापण्या मोजता येतील इतकी स्वच्छ असते. कडेकडेला मात्र चित्र वितळत, भोवऱ्यासारखं फिरत जातं, कारण तिचं प्रतिमापटल सपाट नसून वाडग्यासारखं वाकलेलं असतं. जुन्या फोटोत चेहरा रेखीव आणि खुर्चीचे हात, पडद्याच्या झालरी धूसर दिसतात, त्याचं कारण हेच.

फोग्टलेंडर आणि पेत्सवाल यांचं फार काळ जमलं नाही. हिशेब, श्रेय आणि हक्क या तिन्ही गोष्टींवरून बिनसलं. रचनेला कायद्याचं संरक्षण होतं ते ऑस्ट्रियापुरतं. परदेशात कुणालाही ही रचना उचलता येत होती आणि सगळ्यांनी उचलली. पॅरिसचे भिंगवाले तिला 'जर्मन पद्धतीची' म्हणून विकू लागले. लंडन आणि न्यूयॉर्कमध्येही ती बनू लागली. १८४८ च्या क्रांतीने व्हिएन्ना हादरल्यावर फोग्टलेंडर यांनी १८४९ मध्ये पत्नीच्या माहेरगावी, ब्राउनश्वाइगला, दुसरा कारखाना काढला. तिथे ऑस्ट्रियाचं संरक्षण लागू नव्हतं. ज्याच्याबरोबर मिळून लेन्स घडवली त्याच्याच हक्काची सीमा ओलांडून उत्पादन सुरू झालं.

लेन्सचा काळ ठरवणाऱ्याला या फाटाफुटीचा मोठा उपयोग होतो. नळीवर फक्त व्हिएन्ना असेल तर पहिला काळ. व्हिएन्ना आणि ब्राउनश्वाइग अशी दोन्ही नावं असतील तर १८४९ नंतरचा. व्हिएन्नातलं काम १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुंडाळलं गेलं, त्यामुळे एकटं ब्राउनश्वाइग असेल तर बहुधा त्यापुढचा. आणि नावापुढे भागभांडवली कंपनीची जर्मन आद्याक्षरं 'ए. जी.' असतील तर १८९८ नंतरचा, कारण त्या वर्षी घराण्याच्या धंद्याची कंपनी झाली. अनुक्रमांक चढत जातात, तेव्हा दोन लेन्समधली थोरली कोण हेही कळतं.

१८५७ मध्ये भांडण पुन्हा उफाळलं. पेत्सवाल यांनी १८४० मध्येच निसर्गदृश्यांसाठी दुसरी एक रचना आखून ठेवली होती. ती आता त्यांनी कार्ल डीट्सलर नावाच्या व्हिएन्नातल्या भिंगवाल्याकडून बनवून घेतली. फोग्टलेंडर यांच्याकडेही जुन्या दिवसांतली ती आकडेमोड होतीच. त्यांनी तीच रचना 'ऑर्थोस्कोप' या नावाने विकायला काढली. एकाच डोक्यातून निघालेल्या दोन लेन्स दोन नावांनी बाजारात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, आणि मागे कारखान्याचं बळ होतं ते फोग्टलेंडर यांच्या लेन्सला.

मग आलं १८५९. पितळी लेन्सच्या इतिहासातलं हे वर्ष खुणेच्या दगडासारखं ध्यानात ठेवावं. त्या वर्षी पेत्सवाल यांच्या घरी घरफोडी झाली आणि प्रकाशशास्त्रावरची त्यांची हस्तलिखितं नष्ट झाली. वर्षानुवर्षं ज्या ग्रंथाची तयारी चालली होती तो झालाच नाही. त्यांनी प्रकाशशास्त्राकडे पाठ फिरवली आणि ध्वनिशास्त्राकडे वळले. पुढे ते जगापासून तुटत गेले आणि सप्टेंबर १८९१ मध्ये व्हिएन्नात वारले.

त्याच १८५९ मध्ये पॅरिसमध्ये चार्ल्स शेव्हालिए वारले आणि दुकान मुलाच्या, आर्थरच्या, हाती आलं. त्यामुळे शेव्हालिएंच्या लेन्सवर 'चार्ल्स' आहे की 'आर्थर' हे आधी पाहायचं. पॅरिसच्या इतर दुकानांतही नावं अशीच बदलत राहिली. जामँ यांच्या लेन्स १८५० च्या दशकातल्या. १८६० च्या सुमारास 'जामँ-दार्लो' अशी जोडनावं दिसतात आणि त्यानंतर एकटे दार्लो. या फ्रेंच मंडळींची एक सवय संशोधकाला फार उपयोगी पडते. काच पितळी कड्यातून बाहेर काढली की तिच्या खरबरीत कडेवर पेन्सिलीने केलेली सही कित्येकदा सापडते. नळीवर दुकानदाराचं नाव, आणि आत लपलेल्या काचेच्या कडेवर ती घडवणाऱ्याचं. विकत घेणाऱ्याने ती कधी पाहावी असा बेतही नसावा.

उलट, नावाने फसवावं असंही घडतं. लेरबूर आणि सेक्रेतां यांची भागीदारी १८४५ ची. लेरबूर पुढे धंद्यातून बाजूला झाले, तरी जोडनाव खपतं म्हणून ते लेन्सवर कोरलं जात राहिलं. नुसत्या कोरलेल्या नावाने काळाची अलीकडची हद्द पक्की ठरवू नये, हा धडा इथे मिळतो. पलीकडची हद्द मात्र ठरवता येते. एखाद्या प्रदर्शनातल्या पदकाचं साल नळीवर असेल तर ती लेन्स त्या सालाआधीची नाही, एवढं नक्की.

लंडनमध्येही १८५९ हेच वर्ष उलथापालथीचं. सप्टेंबरमध्ये अँड्र्यू रॉस वारले. सूक्ष्मदर्शक आणि फोटोग्राफीच्या लेन्स यांत इंग्लंडमध्ये त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते. मुलगा थॉमस याच धंद्यात होता. आणि एक जावई होता, जॉन हेन्री डॅलमायर. वेस्टफालियातून आलेला जर्मन तरुण. रॉस यांच्या कारखान्यात कामाला लागला, कामात चमकला आणि मालकाच्या मुलीशी लग्न केलं. सासऱ्याच्या मृत्युपत्राने त्याला मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा आणि दुर्बिणींचा विभाग मिळाला. फोटोग्राफीच्या लेन्स राहिल्या मेहुण्याकडे. डॅलमायर यांनी १८६० मध्ये स्वतःचं दुकान थाटलं आणि थोड्याच काळात फोटोग्राफीच्या लेन्समध्येही उतरले. एका घराच्या वाटणीतून लंडनच्या दोन मोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या आणि एकमेकींशी स्पर्धा करत राहिल्या.

म्हणून 'अँड्र्यू रॉस' किंवा 'ए. रॉस' असं कोरलेली लेन्स सहसा १८५९ च्या अलीकडे ओढायची नाही. नुसतं 'रॉस, लंडन' असेल तर ती सहसा मुलाच्या काळापासून पुढची. आणि 'जे. एच. डॅलमायर' नाव असलेली कुठलीही लेन्स १८६० च्या आधीची असूच शकत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

हिंदुस्थानात फोटोग्राफी याच वर्षांत रुजत होती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण त्यातूनच पुढे आले आणि मुंबईचे नामांकित छायाचित्रकार झाले. इथे लागणाऱ्या लेन्स बोटीने युरोपातून येत. पॅरिस-लंडनच्या घराघरांत झालेल्या वाटण्यांच्या खुणा अशा मुंबईच्या स्टुडिओंपर्यंत पोचल्या. जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर आजही एखादी पितळी लेन्स सापडते, तिच्यावरची अक्षरं वाचताना ही कौटुंबिक पार्श्वभूमी ठाऊक असली पाहिजे.

आता पितळाची साक्ष. सुरुवातीच्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बदलायचं तर पुढचं कडं काढून आत छिद्राची गोल चकती टाकावी लागे. फोकस लावलेला असताना हे करणं जिकिरीचं. १८५८ मध्ये हॅलिफॅक्सच्या जॉन वॉटरहाउस यांनी साधी युक्ती सुचवली. नळीलाच मध्यावर एक आडवी चीर पाडायची आणि वेगवेगळ्या मापाच्या छिद्रांचे पितळी पत्रे तिच्यातून आत सरकवायचे. ही पद्धत थोड्याच काळात सगळ्यांनी उचलली. त्यामुळे चीर दिसली की लेन्स १८५८ नंतरची, असा ठोकताळा पुष्कळ जण लावतात.

हा ठोकताळा घातक ठरू शकतो. जुन्या, चांगल्या लेन्स छायाचित्रकार टाकून देत नसत. पाच-दहा वर्षं वापरलेली लेन्स ते भिंगवाल्याकडे नेत आणि तिला चीर पाडून घेत. म्हणून चिरेच्या कडा नखाने चाचपून पाहाव्यात. कारखान्यातली चीर सरळ असते, तिच्या कडा गुळगुळीत असतात आणि कोरीव अक्षरं तिला जागा सोडून मांडलेली असतात. मागाहून पाडलेल्या चिरेत कानशीचे ओरखडे राहतात, आतला काळा रंग उडालेला असतो आणि कधीकधी तर चीर थेट अक्षरांमधूनच गेलेली असते. अशी लेन्स चिरेपेक्षा जुनी असते. बरोबरचे पत्रेही तपासावेत. ते एकाच संचातले असतील तर त्यांवरचे आकडे एका हाताचे असतात. हे पत्रे सुटे असल्याने हरवत, आणि दुसऱ्याच लेन्सचे पत्रे कुणीतरी घासून बसवलेले असतात.

चीर अजिबात नसलेली, फोकसला दातेरी पट्टी असलेली पेत्सवाल रचनेची मोठी पितळी लेन्स हाती आली तर आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्या मॅजिक लँटर्नसाठी हीच रचना वापरली जाई, आणि पुढे सिनेमाच्या प्रोजेक्टरलाही. प्रोजेक्शनला अ‍ॅपर्चर बदलावं लागत नाही, म्हणून चीर नाही. अशा लेन्स बाजारात 'अतिप्राचीन पोर्ट्रेट लेन्स' म्हणून खपवल्या जातात. त्यांची काच, पितळ आणि आटे पाहिले की बहुतेक वेळा त्या कितीतरी अलीकडच्या निघतात.

काचेच्या इतिहासातलं पुढचं मोठं वर्ष १८६६. पेत्सवाल रचना चेहऱ्यांसाठी अप्रतिम, पण इमारतींसाठी तिचा उपयोग नाही. निसर्गदृश्याच्या एकेरी लेन्समध्ये इमारतीच्या कडेच्या सरळ रेषा पिंपासारख्या फुगत. म्युनिकच्या अडोल्फ श्टाइनहाइल यांनी आणि लंडनच्या डॅलमायर यांनी एकाच वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच उत्तर काढलं. दोन सारख्या जोड्या, मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारख्या समोरासमोर. एका जोडीने वाकवलेली रेषा दुसरी सरळ करते. श्टाइनहाइल यांनी नाव दिलं 'अप्लानाट', डॅलमायर यांनी 'रॅपिड रेक्टिलिनियर'. आधी कोण, यावरून वाद झाला आणि श्टाइनहाइल काही आठवड्यांनी आधी होते असं ठरलं. पेत्सवाल यांचा अनुभव पाहता इथे निदान दोघांचीही नावं आपापल्या नळीवर राहिली.

ही रचना पुढची तीस-चाळीस वर्षं साऱ्या जगाने बनवली. ओळखायला सोपी: पुढून दोन ठळक आणि एक फिकट प्रतिबिंब, मागूनही तेवढीच. डॅलमायर यांनी त्याच १८६६ मध्ये पोर्ट्रेट लेन्सचंही पेटंट घेतलं. पेत्सवाल यांच्या मागच्या जोडीतला काचांचा क्रम त्यांनी उलटा केला आणि मागचं कडं थोडं सैल केलं की चित्र मृदू होईल अशी सोय ठेवली. मात्र नळीवर 'पेटंट' शब्द दिसला म्हणून १८६६ लिहून मोकळं होऊ नये. या लेन्स पुढे कित्येक दशकं बनत राहिल्या. पेटंटचं साल हे लेन्सच्या जन्माच्या आधीचं असतं, ते तिचं जन्मसाल नव्हे. तिथे अनुक्रमांकालाच विचारावं लागतं.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि १८८० च्या आसपास अशा प्लेट्स दुकानात तयार मिळू लागल्या. एक्स्पोजर सेकंदांवरून सेकंदाच्या अंशांवर आलं. हाताने टोपण काढून पुन्हा लावण्याचे दिवस सरले, शटर आलं, आणि अ‍ॅपर्चर नेमकं आणि चटकन बदलता यावं म्हणून पात्यांचा आयरिस डायफ्रॅम १८८० च्या दशकात रूढ झाला. वॉटरहाउसचे सुटे पत्रे हळूहळू मागे पडले.

याच काळातली एक खूण आजही भल्याभल्यांना चकवते. १८८१ मध्ये ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीने अ‍ॅपर्चरसाठी 'युनिफॉर्म सिस्टिम' आणली. तिच्यात एफ/४ ला १ म्हणत, एफ/५.६ ला २, एफ/८ ला ४, एफ/११ ला ८, एफ/१६ ला १६ आणि एफ/३२ ला ६४. प्रत्येक पायरीला एक्स्पोजर दुप्पट होतं ते आकड्यातही दुप्पट दिसावं, हा हेतू. फक्त १६ या आकड्यावर दोन्ही पद्धती एकत्र येतात. आयरिसच्या कड्यावर ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे दिसले आणि ११ किंवा २२ कुठेच नसतील, तर ही जुनी पद्धत समजावी. त्यातल्या ४ ला एफ/४ समजून फोटो काढणाऱ्याचं चित्र काळं पडणार. काळ ठरवायला मात्र ही खूण सोन्यासारखी, कारण ती लेन्सला १८८१ च्या अलीकडे आणून ठेवते. आधीच्या नळीत नंतर आयरिस बसवलेला नाही ना, एवढं तपासायचं.

पितळी युगाचा शेवट घडवला तो काचेनेच. जर्मनीतल्या येना इथे ओटो शॉट यांनी एर्न्स्ट आबे यांच्या साथीने नव्या जातींची काच घडवली आणि १८८६ मध्ये तिची यादी प्रसिद्ध केली. बेरियमयुक्त काचेमुळे एकाच वेळी चित्र सपाट आणि कडेपर्यंत स्वच्छ ठेवणं शक्य झालं. जुन्या क्राउन-फ्लिंटला ते जमणारं नव्हतं. १८९० मध्ये त्साइस कंपनीच्या पाउल रुडोल्फ यांनी 'अनास्टिग्मॅट' आखली, १८९२ मध्ये एमिल फॉन ह्योग यांनी गोएर्त्स कंपनीसाठी 'डोपेल-अनास्टिग्मॅट', १८९३ मध्ये हॅरॉल्ड डेनिस टेलर यांनी तीनच काचांची 'कुक ट्रिप्लेट' आणि १९०२ मध्ये पुन्हा रुडोल्फ यांनी 'टेसार'. त्साइसने आपल्या अनास्टिग्मॅटला १९०० मध्ये 'प्रोटार' म्हणायला सुरुवात केली आणि गोएर्त्सने आपल्या लेन्सला १९०४ मध्ये 'डागोर'. एकच लेन्स, पण नाव कोणतं आहे त्यावरून वर्षांचा अंदाज येतो. रॉससारख्या पेढ्यांनी त्साइसच्या रचना परवान्यावर बनवल्या. मग एकाच नळीवर लंडनचं नाव आणि येनाचं पेटंट शेजारी शेजारी नांदू लागलं. आयरिस, शटर, अ‍ॅल्युमिनियम आणि काळं इनॅमल आलं आणि झळाळत्या पितळेचे दिवस ओसरले.

या सगळ्या नव्या रचनांना प्रतिमापटल सपाट करण्याचं गणित लागलं आणि त्या गणितातली एक अट पेत्सवाल यांनी १८४३ च्या आपल्या अहवालातच मांडून ठेवली होती. तिला आज प्रकाशशास्त्रात 'पेत्सवाल बेरीज' म्हणतात. त्यांच्याकडे तेव्हा ती अट पाळू शकेल अशी काच नव्हती, येनाला ती मिळाली. ज्या माणसाचा ग्रंथ घरफोडीत गेला, त्याच्या एका समीकरणाने आजही मोबाइलच्या कॅमेऱ्यापासून दुर्बिणीपर्यंतच्या लेन्सची आखणी चालते.

म्हणून पितळी लेन्स हाती आली तर तिच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहू नये, अशी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे पितळ दिसलं की चिंच, राख किंवा पावडर लावून लख्ख घासण्याची सवय आहे. लेन्सचं पितळ भांड्याचं नसतं. त्यावर सोनेरी छटेचं लॅकर दिलेलं असतं. घासलं की ते जातं, आणि बारीक कोरलेली अक्षरं झिजतात. एका दुपारच्या घासण्यात दुकानाचं नाव, गावाचं नाव, क्रमांकाचा शेवटचा आकडा पुसला जाऊ शकतो. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपावी, एवढंच. कोकणात, मुंबईत काचांना बुरशी धरते आणि बाल्सम सुटून काचेच्या कडेने पिवळट, रंगीत वलयं दिसू लागतात. अशा लेन्सच्या काचा स्वतः उलगडण्यापेक्षा जाणकाराला दाखवाव्यात.

आणि नोंद करावी. नळीवरची सगळी अक्षरं जशीच्या तशी, क्रमांक, चीर आहे का आणि कशी आहे, पत्रे किती, आयरिसवर कोणते आकडे, पुढून आणि मागून किती ठळक आणि किती फिकट प्रतिबिंबं, व्यास आणि लांबी. लेन्स कुठल्या स्टुडिओतून, कुठल्या गावातून आली हेही लिहून ठेवावं. हा शेवटचा तपशील काच सांगत नाही आणि पितळही नाही. तो फक्त माणसांना माहीत असतो आणि माणसांबरोबर जातो. मुंबई-पुण्यापासून कोल्हापूर-नागपूरपर्यंतचे जुने स्टुडिओ एकामागून एक बंद होत आहेत आणि त्यांचं सामान किलोवर मोडीत जातं आहे. तिथल्या लेन्सची अशी नोंद झाली, तर कुठल्या काळात कोणती लेन्स कुठे पोचली, आपल्या पणज्या-पणजोबांचे चेहरे कोणत्या काचेतून टिपले गेले, हे कधीतरी नीट सांगता येईल. पेत्सवाल यांचं नाव पितळेवर कुणी कोरलं नाही, तरी जाणकारांनी ते काचेतून वाचून काढलं. आपल्या छायाचित्रकारांची नावं तर काचेतही उमटत नाहीत. ती कागदावर उतरवण्याचं काम आपल्यालाच करावं लागेल, आणि ते आताच करावं लागेल.